वीज कडाडून गेली आणि घरातलं स्मार्ट ऑटोमेशन बंद पडलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की मराठवाड्यातल्या घरांतून एकच तक्रार येते : रात्री कडाडलं आणि सकाळपासून मोबाइलवर काहीच चालत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, पुन्हा तेच. बहुतेक जण लगेच नवी मॉड्यूल (बटणाच्या बोर्डामागे बसणाऱ्या स्मार्ट स्विचच्या डब्या) मागवतात. ती बसतात आणि पुढच्या गडगडाटात तीही जातात. वीज घरात कोणत्या तारेने शिरली हे आधी शोधा, ती वाट बंद करा, मग पैसे खर्च करा. खालच्या बहुतेक उत्तरांत हेच वेगवेगळ्या अंगांनी सांगितलं आहे. बोर्ड उघडायचं काम लायसन असलेल्या वायरमनचं. घरच्यांनी काय पाहायचं ते त्या त्या ठिकाणी लिहिलं आहे.

वीज आमच्या घरावर पडलीच नाही, लांब शेतात पडली. मग बोर्ड कसे जळाले?

घरावर थेट वीज पडणं क्वचित घडतं. नुकसान बहुतेक वेळा जवळपास पडलेल्या विजेमुळे होतं. विजेच्या एका झटक्यात साधारण ३०,००० अँपिअर प्रवाह असतो, कधी त्याच्या कितीतरी पट. तो मायक्रोसेकंदांत वाढतो, त्यामुळे आसपासच्या प्रत्येक लांब तारेत हजारो व्होल्टचा दाब क्षणभर उभा राहतो. आपल्याकडे गावोगावी वीज खांबांवरच्या उघड्या तारांनी येते आणि त्या मैलोन्‌मैल मोकळ्या रानातून जातात. डीपीपासून घरापर्यंतची सर्व्हिस वायर, गच्चीवरच्या कॅमेऱ्याची केबल, डिशची केबल, बोरच्या मोटरची केबल, सोलरच्या तारा : यातली कोणतीही तार हा दाब आत आणू शकते. जुना दिवा किंवा साधा पंखा तो झेलून जातो. ३.३ व्होल्टवर चालणारी स्मार्ट स्विचमधली चिप झेलत नाही.

आत्ताच कडाडलं, घर अंधारात आहे. पहिल्यांदा काय करू?

काहीच करू नका, थांबा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ द्या. तोवर मेन स्विच, प्लग, नळ, मोटरचा स्टार्टर, लोखंडी गेट यांना हात लावू नका. चार्जिंगला न लावलेला मोबाइल वापरायला हरकत नाही. मोबाइलमुळे वीज ओढली जाते हा समज खोटा आहे.

अर्धा तास झाला की पायात कोरडी चप्पल घालून, कोरड्या हाताने मेन बंद करा. मग नाकाने तपासा. बोर्डाजवळ, मीटरच्या पेटीजवळ, इन्व्हर्टरजवळ जळकट वास येतोय का? भिंतीवर बोर्डाभोवती काळपट डाग आहे का? पेटी गरम लागते का? यातलं काहीही आढळलं तर वायरमन येईपर्यंत मेन बंदच राहू द्या. भिंतीच्या आत धुमसत राहिलेली तार दोन-तीन तासांनीही पेट घेऊ शकते. धूर दिसला तर सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. चालू लाइटच्या बोर्डावर पाणी मारू नका.

शेजाऱ्यांकडे लाइट आली. आम्ही मेन चालू करू का?

आधी दाब मोजा. हे वगळलं म्हणून विजेतून वाचलेली उपकरणं नंतर जळाल्याची उदाहरणं खूप आहेत. विजेने किंवा वाऱ्याने लाइनचा न्यूट्रल तुटलेला असतो. मग थ्री फेज लाइनवर एका फेजच्या घरांना १५० व्होल्ट मिळतात, तर दुसऱ्या फेजच्या घरांना ३५० च्या पुढे. शेजाऱ्यांचा दिवा मिणमिणतोय आणि तुमचा नेहमीपेक्षा झगझगतोय, असं असेल तर शंका न्यूट्रलचीच घ्या.

वायरमनने मल्टिमीटरने मेनच्या वरच्या बाजूला फेज-न्यूट्रल दाब पाहावा. २३० च्या आसपास हवा. २५५-२६० च्या वर असेल तर मेन चालू करू नका, महावितरणला १९१२ वर कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातही मोजावं. तिथे दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगचं किंवा न्यूट्रलचं काहीतरी बिघडलं आहे.

दाब ठीक असेल तर आधी सगळ्या एमसीबी पाडून मेन चढवा, मग एकेक एमसीबी चढवा आणि प्रत्येकीनंतर मिनिटभर थांबा.

एमसीबी होती, आरसीसीबीही होती. तरी कसं जळलं?

कारण दोघींचं काम वेगळं आहे. एमसीबी जादा प्रवाह आणि शॉर्ट सर्किट तोडते, आरसीसीबी गळती तोडून माणूस वाचवते. दोघींना उघडायला काही मिलिसेकंद लागतात आणि विजेचा झटका त्याच्या शंभर पट आधी येऊन गेलेला असतो. त्याच्यासाठी एसपीडी, म्हणजे जादा दाब जमिनीत सोडणारं सर्ज प्रोटेक्टर, लागतो. त्याबद्दल पुढे आहे.

आरसीसीबी आता चढतच नाही. सगळ्या एमसीबी पाडल्या तरी पडते.

सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. विजेने एखाद्या तारेचं इन्सुलेशन फुटून न्यूट्रल अर्थला टेकला असेल, तर सगळ्या एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडते. अशा वेळी न्यूट्रल बारवरून एकेक सर्किटची न्यूट्रल सोडून पाहावी लागते. पहिला संशय गच्चीवरच्या आणि अंगणातल्या सर्किटवर घ्या : गेटचे दिवे, टाकीची मोटर, गीझर.

वायरमन मेगरने इन्सुलेशन तपासणार असेल तर त्याला आधीच बजावा : सगळी स्मार्ट मॉड्यूल, एसपीडी आणि एलईडीचे ड्रायव्हर सर्किटमधून सोडवल्याशिवाय मेगर लावायचा नाही. मेगर ५०० व्होल्ट सोडतो. विजेतून वाचलेलं मॉड्यूल मेगरने जाऊ शकतं.

ॲपमध्ये सगळंच ऑफलाइन दिसतं. सगळी मॉड्यूल गेली का?

बहुधा नाही. सगळंच एकदम ऑफलाइन असेल तर राउटरकडे बघा. भिंतीवरचं बटण दाबून दिवा लागतो का, ते आधी पाहा. लागत असेल तर मॉड्यूल जिवंत आहे, त्याला फक्त वायफाय मिळत नाही.

राउटरचा एकही दिवा लागत नसेल तर बऱ्याचदा त्याचा अ‍ॅडॉप्टरच गेलेला असतो. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून बघा. मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून अ‍ॅडॉप्टर चांगला ठरत नाही. भार पडला की तो बसतो. फायबरच्या डब्यावर लाल ‘लॉस’ दिवा लागला असेल तर डबा चालू आहे, बाहेरची फायबर तुटली आहे. ते काम इंटरनेटवाल्याचं.

राउटर खरंच गेला असेल तर नव्या राउटरला जुन्याच वायफायचं नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षर न् अक्षर तेच, लहान-मोठं अक्षर सांभाळून. सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवा आणि २.४ गिगाहर्ट्झ चालू असल्याची खात्री करा, कारण बहुतेक स्मार्ट स्विचना ५ गिगाहर्ट्झ कळतच नाही. एवढं केलं की मॉड्यूल आपोआप जोडली जातात, एकेक बोर्ड पुन्हा पेअर करावा लागत नाही. नव्या नावाने वायफाय सुरू करून नंतर सगळे बोर्ड रीसेट करत बसलेली घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. ते सगळे श्रम वाचतात.

कॅमेरे मात्र याला अपवाद असू शकतात. जुना राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देत असेल आणि नवा १९२.१६८.० चे, तर पक्का पत्ता दिलेला कॅमेरा किंवा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) सापडत नाही. नव्या राउटरची लॅन सेटिंग जुन्यासारखी करा.

दोन खोल्या चालू, दोन बंद. आणि एक दिवा तर बंदच होत नाही.

ज्या बोर्डावर ॲपही चालत नाही आणि मॉड्यूलचा बारीक दिवाही लागत नाही, त्याचा पॉवर सप्लायचा भाग गेला. बटणाने चालतं, ॲपने नाही आणि शेजारचा बोर्ड मात्र ऑनलाइन आहे, तर एकदा रीसेट करून पेअर करा. तरीही होत नसेल तर रेडिओचा भाग गेला. टिकटिक आवाज येतो पण दिवा बंद होत नाही, तर रिलेचे (मॉड्यूलमधल्या विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचचे) पॉइंट झटक्यात वितळून एकमेकांना चिकटले आहेत. चिकटलेला रिले गीझरच्या किंवा मोटरच्या लाइनवर असेल तर त्या सर्किटची एमसीबी ताबडतोब पाडा. गीझर न सांगता तापत राहणं जिवावर बेतू शकतं.

टच बोर्ड आपोआप चालू-बंद होत असतील तर बोर्ड बदलण्याआधी अर्थिंग तपासा. अर्थ तुटल्यावर हा प्रकार पुष्कळदा दिसतो.

तोवर घर अडून राहू देऊ नका. वायरमन मेलेलं मॉड्यूल काढून दिवा साध्या बटणावर सरळ जोडून देऊ शकतो. तारांवर खुणेच्या चिकटपट्ट्या लावायला सांगा, नंतर परत बसवताना सोपं जातं.

मॉड्यूल उघडून दुरुस्त होतं का?

कधी कधी. काढलेलं मॉड्यूल उघडलं की इनपुटच्या तारांजवळ निळी किंवा पिवळी, पावलीएवढी चकती दिसते. ती व्हॅरिस्टर. जादा दाब स्वतःवर घेणं हे तिचं काम. ती मधोमध तडकलेली असेल, आजूबाजूच्या प्लॅस्टिकवर काजळी धरली असेल आणि शेजारचा फ्यूजचा रेझिस्टर उघडा पडला असेल, पण पुढची पाटी स्वच्छ असेल, तर झटका तिथेच अडला. असं मॉड्यूल इलेक्ट्रॉनिक्सचा चांगला कारागीर चकती आणि फ्यूज बदलून चालू करू शकतो. पण काजळी आतपर्यंत गेली असेल, चिपला फोड आला असेल, तर तो जीव गेलाच. चकती काढून टाकून तिच्याशिवाय मॉड्यूल चालू करून देणारे कारागीर आहेत. तसं करून घेऊ नका, पुढच्या वेळी आग लागायची वाट उघडी राहते.

हब (स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारा डबा) गेला. सगळं सेटिंग पुन्हा करायचं?

ते बॅकअपवर अवलंबून आहे. कंपनीच्या खात्यात सेटिंग साठवणाऱ्या प्रणालीत, हब न वापरता थेट वायफायवर चालणारे स्विच तसेच राहतात. झिगबी या वायरलेस पद्धतीवर चालणारे सेन्सर आणि स्विच मात्र हबशी बांधलेले असतात. त्याच कंपनीचा नवा हब जुन्याची माहिती उचलतो का, ते ॲपमध्ये बघा. नसेल तर एकेक पेअर करावं लागेल.

होम असिस्टंट (घरातल्याच छोट्या संगणकावर चालणारी ऑटोमेशन प्रणाली) वापरत असाल तर बॅकअपची फाइल नव्या यंत्रावर चढवली की नावं, खोल्या, ऑटोमेशन सगळं परत येतं. पण तो बॅकअप त्याच डब्यातल्या मेमरी कार्डावर असेल तर डब्याबरोबर तोही गेला. एक प्रत ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि पेन ड्राइव्ह हबला खोचून ठेवू नका.

कॅमेरेच दर वर्षी का जातात?

कारण कॅमेरा घरातल्या सगळ्या उपकरणांत उंच आणि बाहेर असतो. गच्चीच्या कठड्यावर, गेटच्या खांबावर, आखाड्यावरच्या गोठ्याच्या पत्र्यावर. तिथून ३०-४० मीटर तांब्याची केबल थेट डीव्हीआरमध्ये किंवा पीओई स्विचमध्ये (लॅन केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणाऱ्या डब्यात) येते. झटका केबलने आत येतो, स्विचचे एक-दोन पोर्ट जातात, तिथून लॅन केबलने राउटरचा पोर्ट, एचडीएमआय केबलने टीव्हीचा पोर्ट. टीव्ही लागतो पण डीव्हीआरचं चित्र येत नाही, ही तक्रार त्यातलीच. टीव्हीचा दुसरा एचडीएमआय पोर्ट वापरून बघा.

तपासायचा क्रम असा ठेवा : बंद कॅमेरा खाली उतरवून डीव्हीआरजवळ छोट्या केबलने जोडा. चालला तर केबल किंवा जोड खराब. नाही चालला तर चालू कॅमेऱ्याच्या पोर्टवर लावून बघा. तरीही नाही, तर कॅमेराच गेला.

पुन्हा होऊ नये म्हणून सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे लांबच्या कॅमेऱ्यासाठी तांब्याऐवजी फायबर टाकणं. दोन्ही टोकांना फायबर आणि लॅन केबल जोडणारे डबे, म्हणजे मीडिया कन्व्हर्टर, लागतात. काचेच्या धाग्यातून वीज जात नाही. मात्र फायबरच्या केबलला आधारासाठी लोखंडी तार असते, ती घराबाहेरच तोडा, आत आणू नका. तांबंच ठेवायचं असेल तर दोन्ही टोकांना लॅनचा सर्ज प्रोटेक्टर बसवा आणि त्याची अर्थ वायर खरोखर जोडा. ती लोंबकळत सोडलेली असते तेव्हा तो प्रोटेक्टर नुसता डबाच.

बीएलडीसी (कमी वीज खाणारे, रिमोटवर चालणारे) पंखे रिमोटला दाद देत नाहीत.

पंख्याची एमसीबी पाच मिनिटं बंद ठेवून पुन्हा चालू करा, रिमोट नव्याने पेअर करा. तरीही हलत नसेल तर आतली पाटी गेली. मोटर सहसा ठीक असते. पाटी बदलून मिळते, अख्खा पंखा घेऊ नका.

बोरच्या मोटरचा मोबाइल स्टार्टर बंद आहे. मोटरही गेली असेल का?

दोन्ही शक्य आहे. बोरची केबल शेकडो फूट ओल्या जमिनीत उतरलेली असते, म्हणजे विजेला जमिनीत जायचा तो सरळ रस्ता. पॅनेलमधला मोबाइल स्टार्टर काढून मोटर साध्या स्टार्टरवर चालवून बघण्याआधी वायरमनकडून मोटरच्या केबलचं इन्सुलेशन मेगरने तपासून घ्या. रीडिंग शून्याजवळ असेल तर मोटर चालू करू नका, पाण्यात आणि पाइपाला करंट उतरण्याचा धोका आहे. घरातल्या टाकीच्या लेव्हल सेन्सरची तार या पॅनेलपर्यंत आली असेल तर तीही तपासा. बोरवरचा झटका घरात आणणारी ती तार सहज विसरली जाते.

सोलर इन्व्हर्टरवर ‘आयसोलेशन फॉल्ट’ दाखवतोय.

म्हणजे पॅनेलच्या डीसी तारांपैकी एखादी अर्थला टेकली आहे. स्वतः उघडू नका. दिवसा त्या तारांत कित्येक शे व्होल्ट डीसी असतात आणि मेन पाडली तरी ते जात नाहीत. बसवणाऱ्याला बोलवा. फॉल्ट नाही, पण वीज कमी तयार होते, अशीही तक्रार असते. पॅनेलच्या मागच्या डब्यातला बायपास डायोड शॉर्ट झाला की त्या पॅनेलचा साधारण एक तृतीयांश दाब कमी होतो. प्रत्येक पॅनेलचा दाब मोजल्यावर ते सापडतं. डीसी पेटीतल्या एसपीडीची खिडकीही पाहा.

आमचं अर्थिंग आहे. वायरमनने बल्ब लावून दाखवला, लख्ख पेटला.

बल्बच्या या चाचणीवर विसंबू नका. २३० व्होल्टवर १०० वॅटच्या पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे ५२९ ओहम असतो. अर्थिंग ३०-४० ओहमचं, म्हणजे अगदीच कुचकामी असलं, तरी बल्ब जवळजवळ तितकाच लख्ख दिसेल. बल्बवरून तार तुटलेली नाही एवढंच कळतं. अर्थिंग अर्थ टेस्टरनेच मोजायचं. घरासाठी ते पाच ओहमच्या आत असावं, असा माझा आग्रह असतो.

आपल्या भागातली अडचण मातीची आहे. परभणी-नांदेडकडच्या गोदाकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात अर्थिंग उत्तम मिळतं. तीच माती मे महिन्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइपापासून माती सुटते. पहिला वळीव येतो तो नेमका याच वेळी. बीड-धाराशिवच्या बालाघाटाच्या माळांवर वेगळंच दुखणं : हातभर माती, खाली मुरूम आणि खडक. तिथे एका पाइपाने भागत नाही, दोन-तीन पाइप अंतर ठेवून गाडून एकमेकांना जोडावे लागतात.

आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे पाइप अडीच मीटर लांब हवा. प्रत्यक्षात खड्डा उकरला की दोन-तीन फुटांचा तुकडा निघतो. कित्येक घरांत तर पाइपाला वायर नुसती गुंडाळलेली सापडते, नटबोल्ट नाही. वरून हिरवी वायर छान दिसते आणि मातीखाली गंजाचा भुगा होऊन ती कधीच सुटलेली असते. मीठ-कोळशाने लोखंड लवकर गंजतं, त्याऐवजी बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती) भरा. मार्चपासून पहिला चांगला पाऊस होईपर्यंत खड्ड्यात नियमाने पाणी ओता.

कॅमेऱ्यासाठी एक, सोलरसाठी एक, घरासाठी एक असे तीन वेगळे अर्थ असतील तर ते आपसात जोडून घ्या. वेगळे ठेवले की वीज पडताना त्यांच्यात प्रचंड फरक पडतो आणि तो फरक तुमच्या लॅन केबलमधून भरून निघतो. न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडलेलं असेल तर आजच्या आज काढा, न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या दाराला करंट येईल.

एसपीडी कोणता घ्यावा?

मेन डीबीमध्ये (एमसीबींच्या मुख्य पेटीत) टाइप २ चा, २७५ ते ३२० व्होल्टचा, ४० किलोअँपिअर कमाल क्षमतेचा. थ्री फेज घराला चार पोलचा. गच्चीवर तडितरक्षक (वीज स्वतःवर घेणारा त्रिशूळ) असेल तर टाइप १ अधिक २ चा एकत्र. राउटर, हब, डीव्हीआर यांच्याजवळ टाइप ३ चा प्लग. दुकानात ‘स्पाइक गार्ड’ म्हणून मिळणाऱ्या सगळ्याच पट्ट्यांत आत संरक्षण असतं असं नाही, काहींत नुसते प्लग पॉइंट असतात.

बसवताना एसपीडीच्या दोन्ही बाजूंच्या तारा मिळून अर्ध्या मीटरच्या आत राहिल्या पाहिजेत. लांब तार वळसे घालून नेली तर चांगला एसपीडीही निष्प्रभ होतो. आणि अर्थिंग नसेल तर फेजवरचा झटका जमिनीत जायला जागाच नाही. खिडकी हिरवी असेपर्यंत तो शाबूत, लाल झाली की कार्ट्रिज बदला. मृग लागण्याआधी एकदा आणि प्रत्येक मोठ्या कडकडाटानंतर एकदा ती खिडकी पाहा.

गच्चीवर तांब्याचा त्रिशूळ लावला तर हे सगळं लागेल का?

लागेल. तडितरक्षक इमारत आणि माणसं वाचवतो. तो वीज स्वतःवर घेऊन जमिनीत सोडतो, पण त्या वेळी घरातल्या तारांत दाब उभा राहतोच. आत एसपीडी नसेल तर उपकरणांचं संरक्षण अर्धवटच.

मी पुण्यात आहे, आई-वडील उदगीरला. फोनवरून काय करवून घेऊ?

वडिलांना शिडीवर चढवू नका, बोर्डाचा स्क्रू काढायला सांगू नका. चार फोटो मागवा : डीबीचं उघडं झाकण, एसपीडीची खिडकी, राउटरचे दिवे, इन्व्हर्टरचा डिस्प्ले. ‘बाबा, गीझरची एमसीबी खाली करा’ हे सांगता यावं म्हणून प्रत्येक एमसीबीखाली मराठीत नाव लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी गावी गेलात की एवढं पाहा : ॲप बंद असलं तरी घरातला प्रत्येक दिवा, पंखा भिंतीवरच्या बटणाने चालतो ना. म्हाताऱ्या माणसांना इंटरनेटवाचून अंधारात बसावं लागेल अशी मांडणी करून घेऊ नका.

विमा, वॉरंटी मिळते का?

वॉरंटीत वीज आणि जादा दाबाचं नुकसान सहसा वगळलेलं असतं. घराच्या विम्यात, म्हणजे १ एप्रिल २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत, वीज पडणं हा धोका धरलेला आहे. पण शॉर्ट सर्किट, आर्किंग वगैरेंनी त्याच विद्युत उपकरणाचं झालेलं नुकसान वगळणारं कलमही असतं, आणि खटका तिथेच उडतो. कंपनीला आधीच लेखी विचारून ठेवा. दावा करायचा असेल तर जळालेली मॉड्यूल फेकू नका. फोटो, बिलं, वायरमनचा लेखी अहवाल आणि गावात पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत जपा.

जे वाचलंय ते आता सुरक्षित ना?

काही दिवस लक्ष ठेवा. झटक्याने अर्धवट दुखावलेला कपॅसिटर किंवा रिले तीन-चार आठवड्यांनीही जातो. नेहमीपेक्षा गरम लागणारं, गुणगुणणारं, सारखं ऑफलाइन जाणारं उपकरण बदला. मोटर, गीझर अशा मोठ्या भाराची मॉड्यूल या काळात रात्री बंद ठेवा.

ढग दाटून आले की काय काढून ठेवायचं?

पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर घ्या, ते २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजेचा इशारा देतं. गडगडाट लांबून ऐकू आला की आधी बाहेरून आत येणाऱ्या तारा सोडवा : डिशची केबल, गच्चीवरच्या कॅमेऱ्यांची लॅन केबल. मग राउटर, हब आणि टीव्हीचे प्लग. नुसतं बटण बंद करून चालत नाही, प्लग बाहेर काढा. चमकल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये येतं. ते दहाच्या आत आलं असेल तर कोणत्याही तारेला हात लावायची वेळ निघून गेली. जे खोचलेलं आहे ते तसंच राहू द्या आणि घरातल्यांना भिंतींपासून, खिडक्यांपासून लांब बसवा.